नवीन नर्सने आधी जनरल वॉर्ड करावा, की थेट आयसीयूत जावं?

नर्सिंग नुकतंच पूर्ण झालंय, आयसीयूत जागा मिळतेय, पण जो तो म्हणतोय की आधी जनरल वॉर्ड कर. तर ते वर्ष फुकट जाईल का, असं तुम्ही विचारलंय. त्या 'फुकट'साठीच मी हे उत्तर लिहायला घेतलं. माझं मत सरळ आहे: वॉर्ड करा. निदान एक वर्ष, जमलं तर दोन.

लोक वॉर्डची जी कारणं सांगतात ती मला पटत नाहीत. हात बसतो म्हणे. सुई लावायला, कॅथेटर घालायला, औषधांचा राउंड सांभाळायला हात आयसीयूतही बसतो, उलट लवकर बसतो. कारण वेगळं आहे. आयसीयूत तुमच्याकडे एक किंवा दोन पेशंट, आकडे सतत डोळ्यांसमोर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. वॉर्डमध्ये पेशंट कितीतरी, डॉक्टर फोनच्या पलीकडे, आणि बीपी-पल्स दर काही तासांनी एकदा. मधल्या वेळात त्या माणसाचं काय चाललंय हे फक्त तुम्हीच बघणार. सगळे ठीक दिसत असताना आधी कुणाच्या बेडजवळ जायचं, हे तिथे शिकावं लागतं.

माझ्या वॉर्डमधल्या एका आजींचं सांगते. आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. नाईटला आधीच्या ड्युटीच्या नर्सकडून पेशंट ताब्यात घेतले तेव्हा "स्टेबल आहेत, सकाळी बघून डाएट वाढवतील" एवढंच सांगितलं गेलं. पल्स ८८, वरचं बीपी ११२, ताप नाही, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५. मिनिटाला श्वास किती, या रकान्यात दिवसभर १८, १८, १८. वॉर्डमध्ये काम केलेल्या कुणालाही हा १८ ओळखीचा असेल. तो मोजलेला नसतो, लिहिलेला असतो.

या आजी बोलक्या. मी गेले की आधी माझीच चौकशी करायच्या. त्या रात्री "आजी, कसं वाटतंय?" विचारलं तर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुणाचं घर आहे?" शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, झोपेत आहे, वय झालंय. असेलही. पण आदल्या रात्री याच वेळी त्या झोपेतून उठून माझ्याशी नीट बोलल्या होत्या. मी पल्स बघतेय असं दाखवत मनगट धरलं आणि छातीकडे बघून पूर्ण मिनिट श्वास मोजला. २६.

आमच्याकडे न्यूज-२चा तक्ता वापरतात, म्हणजे पल्स, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन पेशंट किती धोक्यात आहे हे ठरवायचा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला, तोच. श्वास २५ किंवा जास्त असेल तर ३ गुण. नव्याने आलेला गोंधळ, ३ गुण. सॅच्युरेशन ९५चा १. झाले ७, आणि ७ म्हणजे तातडीने डॉक्टर बेडजवळ हवा. श्वासाला १८ धरा, गोंधळाला 'वय झालंय' म्हणा, की त्याच बाईचा स्कोअर १ येतो. पल्स का वाढली नव्हती? आजी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत होत्या, आणि त्या गोळीवर असलेल्या माणसाची पल्स अशा वेळी वाढेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गातही ताप येतोच असं नाही. लघवीची पिशवी बघितली तर गेल्या काही तासांत जेमतेम काही जमलेलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांचं फोनवरचं उत्तर, "बीपी ठीक आहे ना, ताप नाही ना, मग सकाळी बघू." मी पुन्हा फोन लावला. काय दिसतंय, ऑपरेशन कोणतं, मला कशाची शंका आहे आणि मला काय हवंय, या क्रमाने सांगितलं: "आतड्याचा जोड सुटला असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा, नाहीतर मी सिनियर सर्जनना कळवते." ते आले. सीटी झाला. जोड गळत होता. पहाटे पुन्हा ऑपरेशन, तिथून आयसीयू. काही आठवड्यांनी आजी चालत घरी गेल्या.

यात एकही मशीन वाजलं नव्हतं.

आता खरी खुपणारी गोष्ट. आयसीयूत त्यांना सांभाळणारी नर्स माझीच बॅचमेट, जवळची मैत्रीण. पहिल्या दिवसापासून आयसीयूत. काम अप्रतिम, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती मला म्हणाली, "खरं नर्सिंग आमच्याकडे पेशंट आल्यावर सुरू होतं. तुमचं वॉर्डचं म्हणजे गोळ्या आणि बेडपॅन." तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे.

तिचा मुद्दा पोकळ नाही. ती पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासकांचा दाखला देते. नर्स नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत पाच पायऱ्या कशा चढते हे त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेली की नर्स सक्षम होते, आणि पेशंटचा प्रकार पूर्ण बदलला की अनुभवी नर्सही पुन्हा नवखी ठरू शकते. मग ती दोन-तीन वर्षं आयसीयूतच का घालवू नयेत, असं ती विचारते. वॉर्डमधून आयसीयूत गेलात की पहिले काही महिने पुन्हा शिकाऊ व्हाल, हे मला मान्य आहे. पण हाच नियम उलट्या दिशेनेही लागू होतो. स्टाफ कमी होता म्हणून तिला एकदा आमच्या वॉर्डला पाठवलं होतं. तिने पहिल्या पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत इतकं नीट तपासलं की बाकीच्यांची औषधं लांबली, आणि शेवटच्या बेडवरचा माणूस कण्हत होता हे तिला दुसऱ्याने येऊन सांगितलं. हुशारी कमी पडली नव्हती, एवढ्या जणांत लक्ष वाटायची सवय नव्हती.

आणि मला सांगा, आयसीयूत चार वर्षं काढून 'आता वॉर्ड शिकते' म्हणत परत आलेली नर्स तुम्ही पाहिलीय? मी तरी पाहिलेली नाही. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅन्सर, हे पुढे केव्हाही शिकता येतं, शिकवणारेही भेटतात. वॉर्डला मात्र कुणी मागे वळून येत नाही. आत्ता सोडलात तर कायमचा सोडलात असंच धरा.

१९९० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असतानाच हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटच्या नोंदी तपासल्या, तर ८४ टक्के जणांच्या बाबतीत आधीच्या ८ तासांत तब्येत बिघडल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी होत्या. कुणीतरी बघितलं होतं, लिहिलंही होतं. 'गोळ्या आणि बेडपॅन' म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. बेडपॅन देतानाच तर कळतं की काल स्वतः उठणारी बाई आज कुशीवरही वळत नाहीये.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्रसूती, नवजात बाळं किंवा मानसिक आजार यांतच तुमचा जीव असेल, तर माझं म्हणणं तितकं लागू नाही, ती कामं मुळातूनच वेगळी आहेत. आयसीयूत काही महिने एकटं न सोडता अनुभवी नर्सबरोबर ठेवून शिकवणार असतील, तर ती जागाही वाईट नाही, तिथून उत्तम नर्स झालेल्या मी पाहिल्यात. आणि वॉर्ड म्हणजे कुठलाही वॉर्ड नव्हे. नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात नाईटला एकटी टाकणाऱ्या वॉर्डमध्ये ती शिकत नाही, फक्त घाबरते आणि नोकरी सोडते.

तेव्हा मुलाखतीत दोन्हीकडे विचारा: माझ्या पहिल्या नाईटला माझ्याबरोबर सिनियर कोण असेल, आणि माझ्याकडे किती पेशंट असतील? वॉर्डमध्ये याचं नीट उत्तर मिळालं तर वॉर्ड घ्या. "फोनवर असतात सगळे" असं उत्तर आलं, तर दुसरा वॉर्ड शोधा.