मोकळ्या आकाशाखाली नाटक पाहणं बकेट लिस्टमध्ये ठेवण्याइतकं खास असतं का?

असतं. फक्त प्रयोग असा निवडा, जो उजेडात सुरू होऊन अंधारात संपेल. तुम्ही विचारलंय की नाट्यगृहात आवाज नीट येतो, खुर्ची मऊ असते, पावसाची धास्ती नसते, मग उघड्यावर बसून वेगळं काय मिळणार? माझ्याही यादीत हे बरीच वर्षं होतं, आणि शेवटी योग आला तेव्हा जे मिळालं ते त्या मावळत्या उजेडामुळेच.

नाट्यगृहात दिवे मालवले की प्रेक्षक एकमेकांना दिसेनासे होतात. उघड्यावर पहिला अंक चालू असताना सगळ्यांचे चेहरे दिसतात. कोण हसतंय, कोण पुढे सरकून बसलंय, सगळं. नटांनाही ते दिसतं. मग आभाळ हळूहळू काळवंडत जातं, आजूबाजूचे लोक विरघळतात आणि फक्त रंगमंच उरतो. हा बदल नेमका कधी झाला ते सांगता येत नाही. मी पाहिलेल्या प्रयोगात याच सुमारास नायिका पत्र वाचत होती. वारा सुटला, कागद फडफडायला लागला. तिने दुसरा हात कागदाखाली धरला, पत्र छातीशी ओढलं आणि झुळूक जाईपर्यंत गप्प राहिली. पुढच्या शब्दासाठी आम्ही सगळे अक्षरशः ताटकळलो. असा क्षण तालमीत बसवता येत नाही.

नाटकाचा कितीतरी इतिहास उघड्यावरच घडलाय. ग्रीसमधलं एपिडॉरसचं दगडी प्रेक्षागार इ.स.पू. चौथ्या शतकातलं, जवळपास १४,००० माणसं मावतील एवढं, आणि तिथे आजही उन्हाळ्यात प्रयोग होतात. शेवटच्या ओळीत टाचणी पडलेली ऐकू येते वगैरे ऐकाल, ती अतिशयोक्ती आहे. पण कसलेल्या नटाचा आवाज मात्र खरंच वरपर्यंत पोचतो. लंडनचं १५९९ सालचं ग्लोब हे उघड्या छताचं नाट्यगृह घ्या. प्रयोग दुपारी, दिव्यांची भानगडच नाही. त्यामुळे शेक्सपिअरला रात्र शब्दांतूनच उभी करावी लागे. ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या खुनाआधी बाप मुलाला विचारतो, रात्र किती झाली? मुलगा सांगतो, चंद्र मावळलाय, घड्याळाचे टोले काही ऐकले नाहीत. भर उजेडात उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्यावर काळोख दिसायला हवा! वाचताना हे संवाद सहज निसटतात. उघड्यावर ऐकले की त्यांचं काम कळतं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या नव्या ग्लोबमध्ये आजही मधल्या उघड्या अंगणात उभं राहून नाटक बघता येतं.

मला मात्र सगळ्यात ओढ आहे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या मिनॅकची. रोवेना केड या बाईंनी आपल्या घराखालच्या समुद्रकड्यावर, माळ्याला हाताशी धरून, हे प्रेक्षागार उभारलं. १९३२ मध्ये पहिलं नाटक झालं ते ‘द टेम्पेस्ट’, म्हणजे वादळाचं, आणि रंगमंचामागे खरा समुद्र! उजेडासाठी मोटारींचे दिवेसुद्धा वापरले होते. ते माझ्या यादीत अजून बाकी आहे.

आता तुमच्या तयारीचं. त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ बघा आणि प्रयोग त्याच्या तासभर आधी सुरू होतोय ना ते तपासा. जागा निवडताना पश्चिम पाठीशी येईल असं पाहा, नाहीतर पहिला अंक डोळ्यांवर हात धरून बघावा लागेल. सुरुवातीला संवाद थोडे पुसट वाटले तर धीर धरा. निरभ्र, शांत संध्याकाळी सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, मग आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि दूरवर पोचतो. दगडी पायऱ्या असतील तर जाड उशी हवीच, उन्हाळ्यातही. छत्रीऐवजी रेनकोट न्या, मागच्यांना दिसलं पाहिजे. पावसामुळे प्रयोग थांबला तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हे तिकीट काढतानाच वाचून घ्या. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

आणि पहिल्या वेळी नाटक भरदार घ्या: गर्दी, गाणी, भांडणं, भुतं असलेलं. दिवाणखान्यातलं, कुजबुजीवर चालणारं नाटक नाट्यगृहातच बघा, वाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.