पार्सलं वाढली, तरी यूपीएस आणि फेडेक्स माणसं का काढतायत?

तुमचे प्रश्न तीन आहेत. ऑनलाइन खरेदी वाढत असताना यूपीएस आणि फेडेक्स या पार्सल पोचवणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या एकाच वेळी कपात का करतायत, एकाचं सुटलेलं काम दुसऱ्याला का मिळत नाही, आणि भाच्याने यूपीएसच्या ऑफिसातली नोकरी घ्यावी का. मी अमेरिकेत पार्सलच्या गाड्यांचे मार्ग आखायचं काम बरीच वर्षं केलं आहे, तेव्हा त्या बाजूने सांगतो.

या धंद्यात नुसती पार्सलं मोजून काही कळत नाही. एका थांब्यावर किती उतरतात ते बघावं लागतं. ड्रायव्हरचा पगार, इंधन, गाडीची झीज हा सगळा खर्च थांब्यामागे पडतो. एखाद्या ऑफिसच्या इमारतीत एकदम तीस खोकी उतरली तर फायदा. उपनगरात दर चौथ्या घरी एक हलकं पाकीट टाकत गेलं तर दिवस भरतो, पण पैसे सुटत नाहीत. ऑनलाइन खरेदीने मुख्यतः हे दुसरं काम वाढवलं. त्यात ॲमेझॉनने स्वतःच्या गाड्या रस्त्यावर आणल्या आणि दाट वस्तीतले सोपे मार्ग आपल्याकडे ठेवले.

यूपीएसचं दुखणं इथेच आहे. २०२४ मध्ये तिच्या उत्पन्नाचा ११.८ टक्के भाग एकट्या ॲमेझॉनकडून येत होता, आणि हे गिऱ्हाईक सर्वांत मोठं असलं तरी सर्वांत फायद्याचं नाही, असं मुख्याधिकारी कॅरल टोमे यांनी उघड सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने हे काम २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून कमी करायचं जाहीर केलं. त्या दिवशी शेअर सुमारे १४ टक्के पडला. मला स्वतःला हा निर्णय बरोबर वाटतो, पण त्याची किंमत कामगार मोजतायत. काम घटलं की त्यासाठी उभारलेल्या इमारती रिकाम्या पडतात. २०२५ मध्ये ४८ हजार माणसं कमी झाली आणि ९३ इमारतींचं कामकाज बंद झालं. २०२६ साठी आणखी ३० हजारांपर्यंतची कपात जाहीर झाली आहे.

पुष्कळ जण सगळा दोष २०२३ मध्ये यूपीएसने टीमस्टर्स या ड्रायव्हर-कामगारांच्या युनियनशी केलेल्या कराराला देतात. तो महाग आहे हे खरं. पगार आणि सवलती धरून करार संपेपर्यंत ड्रायव्हरमागे सरासरी खर्च वर्षाला १ लाख ७० हजार डॉलरवर जाईल, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पण भरलेल्या गाडीला हा पगार परवडतो. अर्ध्या रिकाम्या गाडीला कुठलाच पगार परवडत नाही.

फेडेक्सची गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं दोन जाळी समांतर चालत होती: एक्सप्रेस म्हणजे तातडीच्या पार्सलांचे ड्रायव्हर कंपनीच्या नोकरीत, ग्राउंड म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या साध्या पार्सलांचे मार्ग कंत्राटदारांकडे. एकाच गल्लीत एकाच दुपारी फेडेक्सच्याच दोन गाड्या येऊन जायच्या. भाव चढे होते तोवर हे खपलं. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने कमाई घसरल्याचा इशारा दिला आणि शेअर एका दिवसात २१ टक्क्यांहून अधिक कोसळला. त्या वेळी राज सुब्रमण्यम यांना मुख्याधिकारी म्हणून सूत्रं हाती घेऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. हे मूळचे तिरुवनंतपुरमचे, शिकले आपल्या पवईच्या आयआयटीत. त्यांनी चार अब्ज डॉलरच्या कायमस्वरूपी बचतीचं लक्ष्य ठेवलं, वरिष्ठ अधिकाऱ्यांत १० टक्क्यांहून जास्त कपात केली आणि दोन्ही जाळी एकत्र करायला घेतली. फक्त माणसं कमी करून हे झालं नसतं. मार्ग नव्याने आखणं, कोणत्या शहरात कंत्राटदार ठेवायचा आणि कोणत्या नाही हे ठरवणं, हे वेळखाऊ काम आहे आणि अजून सुरू आहे.

आता दुसरा प्रश्न. सुटलेलं काम मिळतं, पण हवं तेवढंच उचललं जातं. अमेरिकन टपाल खात्याचं हवाई वाहतुकीचं मोठं कंत्राट सप्टेंबर २०२४ अखेर फेडेक्सकडून गेलं ते यूपीएसने घेतलं. तरी यूपीएसची कपात थांबली नाही. उलट, २०१९ मध्ये ॲमेझॉनपासून फारकत घेतलेल्या फेडेक्सने २०२५ मध्ये पुन्हा करार केला, पण घरपोच द्यायच्या ठरावीक मोठ्या खोक्यांपुरता. हलकी पाकिटं ज्याला नकोत त्याच्या स्पर्धकालाही नकोतच. म्हणून दोघं भावात एकमेकांना पाडत नाहीत. २०२४ पासून दर वर्षी दोघांचीही जाहीर दरवाढ ५.९ टक्केच आहे.

भाच्याबद्दल. २०२५ मध्ये यूपीएसमध्ये कमी झालेल्यांत सुमारे १४ हजार जण मुख्यतः व्यवस्थापनाकडचे होते, आणि ऑफिसातल्या बहुतेक माणसांना युनियनच्या कराराचं संरक्षण नसतं. ड्रायव्हरला ते जुलै २०२८ अखेरपर्यंत आहे. तेव्हा होकार देण्याआधी त्याने नेमणूक कोणत्या इमारतीत आहे, तिथे पार्सलांचं वर्गीकरण करणारी यंत्रं बसवलीयत का, आणि ती बंद होणाऱ्यांच्या यादीत तर नाही ना, हे सरळ विचारावं. यंत्रं बसवलेल्या मोठ्या केंद्रात नेमणूक असेल तर घ्यावी. लहान जुन्या केंद्रात असेल तर दुसरीकडचे अर्ज चालू ठेवूनच रुजू व्हावं.