डी ड्राइव्ह एका रात्रीत फुल्ल कशी झाली?

प्रश्न : दादा, शाहूपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुना कॉम्प्युटर भाच्याला द्यायचाय, पण त्यात गिऱ्हाइकांची आधार, पॅन, पासबुकं सगळ्यांची स्कॅन हायत. ती डिलीट केली आणि एकानं सांगितलं म्हणून डी ड्राइव्हला विंडोजमधली सायफरची कमांड (cipher /w, मोकळी जागा पुसणारी) लावून घरी गेलो. रात्री पावसात लाइट गेली. सकाळी बघतोय तर ६०० जीबी मोकळे होते तिथं ४० पण नाहीत. व्हायरस शिरला काय? दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३५ वेळा पुसायचा पर्याय दिसतोय, तो लावू? डी साधी हार्ड डिस्क आहे, सी एसएसडी (चिपवाली डिस्क). आणि २०१९ च्या पुरात दुकानात पाणी आल्यापासून बॅकअप पण घेतो हं मी.

उत्तर : व्हायरस बियरस काही नाही, निवांत चहा घ्या. ही कमांड करते काय, तर ड्राइव्हवर ईएफएसटीएमपीडब्ल्यूपी (EFSTMPWP) नावाचा फोल्डर बनवते आणि मोकळी जागा संपेपर्यंत त्यात कायबाय भरत जाते, आधी सगळे शून्य, मग सगळे एक, मग कसेही आकडे, म्हणजे तुमच्या डिलीट केलेल्या स्कॅनच्या जागेवर दुसरंच काहीतरी लिहून होतं. तिन्ही फेऱ्या झाल्या की तो फोल्डर आपला आपण जातो. तुमची लाइट मधेच गेली, म्हणजे मांडव घातला पण उतरवायला माणूसच आला नाही.

हिडन आयटम्स दाखवायचा पर्याय सुरू करा, डी उघडा, तो फोल्डर शिफ्ट धरून डिलीट करा, नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये बसून जागा तशीच अडवायची शक्यता. ‘वापरात आहे’ म्हणाला तर रीस्टार्ट करून परत. मग कमांड पुन्हा पहिल्यापासून लावा, पण यूपीएसवर आणि दिवसा. सेकंदाला १०० एमबी धरले तर ६०० जीबीची एक फेरी पावणेदोन तासांची, तीन फेऱ्या म्हणजे पाच तास.

३५ वेळाचं सोडा हो. पीटर गुटमन या कॉम्प्युटर सुरक्षेच्या अभ्यासकानं १९९६ मध्ये तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्कांसाठी ती पद्धत मांडली, आणि आताच्या डिस्कला ती सगळी लागत नाही हे पुढं त्यानंच सांगितलं. तुमच्या डीला त्यात अडीच दिवस जातील. आजच्या हार्ड डिस्कला नीट एक फेरी झाली तरी पुरते.

खरी गोम सी मध्ये आहे. एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून नवं लिखाण भलत्याच सेलमध्ये (चिपमधल्या कप्प्यात) टाकते, तुम्ही फाइलवर दहा वेळा लिहा, जुनी प्रत कुठंतरी शिल्लक राहू शकते, वर डिस्क झिजते ती वेगळीच. डेस्कटॉप नाहीतर डाउनलोडमध्ये स्कॅन यायची असतील (दुकानात येतातच!) तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधनं सिक्युअर इरेज (अख्खी डिस्क पुसणं) करा आणि विंडोज नव्यानं टाका. त्यात सगळंच जातं, म्हणून हवं ते आधी काढून ठेवा. नव्या मशीनवर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन (फाइली कुलूपबंद ठेवणं) चालू ठेवलं की पुढच्या वेळी हा उपद्व्याप नाही.

आणि बॅकअपच्या डिस्कवर तीच आधार कार्डं बसलेली असणार, ती कपाटात आहे का कुणाला दिलीय ते आधी बघा.