टाकाऊ वस्तूंपासून शिवलेल्या कपड्यांच्या प्रदर्शनात पाहण्यासारखं काय असतं?

पणजीत टाकाऊ वस्तूंच्या कपड्यांचं प्रदर्शन लागलंय, बघायला जाण्यासारखं असतं की नुसता देखावा, असं तुम्ही विचारलंय. नक्की जा, आणि हाताशी दोन तास ठेवून जा. मी डिचोलीत घरी शिवणकाम करते. असंच एक प्रदर्शन पणजीला पाहिलं, तेव्हा एका घागऱ्यापाशीच माझा अर्धा तास गेला.

घागरा मोडक्या छत्र्यांच्या कापडाचा होता. आपल्याकडे पाऊस असा झोडपतो की चवथीपर्यंत घरात एखादी तरी छत्री काड्या मोडून कोपऱ्यात पडलेली असते. छत्रीला बहुधा आठ कळ्या असतात, वर निमुळत्या, खाली रुंद. कळ्यांचा परकर आपण बेततो तो अगदी अस्साच! शिवणाऱ्या मुलीनं त्या कळ्या उसवल्याच नव्हत्या. मधलं टोक कापून कमरेचा घेर काढला होता आणि वर नेफा लावला होता. काड्यांच्या गंजाचे तपकिरी डाग शिवणींच्या कडेनं ओळीनं उतरले होते. ते लपवायचे सोडून तिनं प्रत्येक डागाभोवती लाल दोऱ्यानं बारीक टाके घातले होते.

शेजारी दुधाच्या पिशव्यांचं जाकीट होतं. ज्यानं प्लास्टिक शिवलंय त्यालाच त्यातली मेहनत कळेल. कापडात सुईचं भोक बुजतं, प्लास्टिकमध्ये ते कायमचं राहतं. म्हणजे टीप चुकली तर उसवून पुन्हा मारायची सोय नाही. टाका बारीक घेतला तर पिशवी त्याच रेषेवर फाटते, म्हणून तो लांबच ठेवावा लागतो. इस्त्री तर लांबच राहिली.

सगळंच असं नसतं. तयार गाऊनवर जुन्या सीड्या आणि बाटल्यांची झाकणं गोंदानं चिकटवलेलीही दिसतील. तिथे मी थांबले नाही. 'हे घालून खाली बसता येईल का?' एवढं मनात विचारलं की कपडा कुठला आणि सजावट कुठली ते लगेच कळतं.

बाटल्यांपासून केलेलं कापड दिसलं तर एक लक्षात ठेवा. बाटल्यांचा चुरा वितळवून त्याचा धागा ओढतात, तो पॉलिएस्टरच असतो. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात आणि पुढे नदीला, समुद्राला मिळतात. बाटली कचऱ्यातून वाचली याचा आनंद मलाही आहे, पण पूर्ण प्रश्न त्यानं सुटत नाही. म्हणून मला आजीची वाकळ जास्त पटते. जुनी लुगडी एकावर एक घालून ती टाके घालायची, आणि वाकळ विरली की तिचं पायपुसणं व्हायचं.

कलेची आवड असेल तर पिळर्णला कलाकार सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा हे आजच्या कलेचं संग्रहालयही पाहून या.

आणि प्रदर्शनात हात लावू नका, पण 'आतली बाजू दाखवाल का?' असं निःसंकोच विचारा. त्या मुलीनं मला घागरा उलटा करून दाखवला. छत्रीचं कापड घामानं पायांना चिकटतं, म्हणून तिनं आतून धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचं अस्तर लावलं होतं. काठ तिनं बरोबर खालच्या घेराला आणला होता.