‘फातुम’ला दैव म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याचा मराठीत गोषवारा लिहिताना त्यातल्या ‘फातुम’साठी ‘दैव’ आणि ‘पिएतास’साठी ‘भक्ती’ हे शब्द चालतील का?

‘दैव’ मी टाळेन. मराठीतलं दैव लहरी असतं. ते फिरतं, रुसतं, आंधळं असतं. काव्याचा नायक ईनिअस, त्याच्या वाट्याला आलेलं फातुम तसं नाही. ट्रॉय जळाल्यावर तो ‘फातो प्रोफुगुस’, म्हणजे फातुमपायी परागंदा होऊन निघतो, पण कुठे पोचायचं ते आधीच ठरलेलं असतं. ‘फारी’ म्हणजे बोलणे. त्यापासून ‘फातुम’, म्हणजे जे बोललं गेलं ते. आपल्या ‘म्हणणे’मागचा संस्कृत ‘भण्’ धातूही याच कुळातला मानतात. पहिल्या सर्गात ईनिअसची आई, देवी व्हीनस, मुलाच्या काळजीने डोळ्यांत पाणी आणून देवांचा राजा ज्युपिटरकडे येते. तो ‘फाबोर’, म्हणजे ‘सांगतो’ म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीत लिखाणाची गुंडाळी उलगडावी तशी फातुमची गुपितं उलगडू लागतो. बोललेलं आणि लिहिलेलं असं शेजारी शेजारी आल्यामुळे तिथे ‘विधिलिखित’ अगदी चपखल बसेल.

जाता जाता: मूल जन्मल्यावर पहिल्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी रोमन लोक ‘फाता स्क्रिबुंदा’ला, म्हणजे फातुम लिहिणाऱ्या देवतेला आवाहन करत, असं तेर्तुलिआनुस या ख्रिस्ती लेखकाने नोंदवलं आहे. सटवाई आठवल्याशिवाय राहत नाही!

इतरत्र ‘नियती’ ठेवावा. पण जे जे घडतं ते सगळं नियतीच्या खात्यावर मांडू नये, कारण व्हर्जिलही मांडत नाही. ईनिअसवर डूख धरलेल्या ज्युनो देवीला सातव्या सर्गात पक्कं ठाऊक असतं की ईनिअसचं इटलीतल्या लॅटियममधलं राज्य तिला रोखता येणार नाही. लांबवता मात्र येईल, आणि त्या लांबवण्यात दोन्हीकडची माणसं मरतील. ईनिअस सोडून गेला म्हणून कार्थेजची राणी डायडो चौथ्या सर्गाच्या शेवटी जीव देते. तिच्याबद्दल तर कवी साफ सांगतो की ती नियतीने मेली नाही, तिच्या कर्माचं फळ म्हणूनही नाही. बिचारी वेळेआधीच गेली. म्हणून तर मृतांच्या राज्याची राणी प्रॉसर्पिना हिने मरणाऱ्याची कापायची ती केसांची बट अजून कापलेली नसते आणि ते काम करायला ज्युनोला आपली दूत आयरिस हिला पाठवावं लागतं. गोषवाऱ्यात ‘डायडोचं दैवच फुटकं’ असं लिहिलंत, तर व्हर्जिलच्या नेमकं उलटं होईल.

आता पिएतास. देव, आईवडील, घरचे आणि देश या सगळ्यांचं जे देणं लागतो ते चुकतं करण्याची वृत्ती म्हणजे पिएतास. ‘भक्ती’त यातला एकच पदर येतो. दुसऱ्या सर्गात ईनिअस म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेतो. कुलदैवतांच्या मूर्ती बापाच्या हातात देतो, कारण त्याचे स्वतःचे हात रक्ताने माखलेले असतात. मुलाचं बोट धरतो. बायकोला मागून यायला सांगतो, आणि तीच हरवते. बापाला खांद्यावर घेतलेला ईनिअस काव्याच्या आधी, इ. स. पू. 47-46 च्या सुमारास, ज्युलियस सीझरच्या चांदीच्या नाण्यावरही आहे. आपण लगेच श्रावणबाळ म्हणू, पण श्रावणाच्या कावडीत राष्ट्र नव्हतं.

नाम म्हणून मी ‘धर्म’ वापरेन, पुत्रधर्म-राजधर्मातला. अडचण विशेषणाची आहे. ‘पिउस’ला ‘धार्मिक’ म्हटलं की टिळा लावलेला ईनिअस डोळ्यांपुढे येतो. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द आता पोलीस अधिकाऱ्यांच्या सत्कारासाठी राखीव आहे. उरतो तो ‘कर्तव्यनिष्ठ’. रुक्ष आहे, पण एका जागी त्याचा रुक्षपणाच उपयोगी पडतो. ‘इटलीला मी आपखुशीने निघालेलो नाही’ असं ईनिअस सांगतो, त्यावर डायडो आग पाखडून निघून जाते, आणि कवी लिहितो, ‘आत पिउस एनेआस’, म्हणजे पण कर्तव्यनिष्ठ ईनिअस. तिची समजूत काढावीशी वाटत असूनही तो जहाजांकडे वळतो. ते विशेषण तिथे टोचायलाच हवं.

शेवटच्या प्रसंगात मात्र ते मनाने घालू नका. ईनिअसचा शत्रू टर्नस गुडघ्यावर येऊन म्हाताऱ्या बापाच्या नावाने गयावया करतो, ईनिअस थबकतो, मग टर्नसच्या खांद्यावर, त्यानेच मारलेल्या ईनिअसच्या तरुण साथीदाराचा, पॅलसचा, पट्टा दिसतो आणि तलवार चालते. तिथे व्हर्जिलने ‘पिउस’ लिहिलेलं नाही. संतापाने पेटलेला, असं लिहिलं आहे.