आधी पंप, मग सोलो : जँगोच्या वारसदारांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पॅरिसच्या जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टवर अर्ध्या पानाचं टिपण टाकलं होतं आणि शेवटी सहज लिहून गेलो होतो की हे संगीत, ज्याला बरेच जण जिप्सी जॅझ म्हणतात, ते अजून जिवंत आहे, वाजवणारे आहेत. सगळे प्रश्न त्या एका ओळीवरच आले. काही एकसारखे होते ते एकत्र केलेत, काही इतके लांब होते की कापावे लागले, राग मानू नका.

प्रश्न : जँगो तर 1953 मध्ये गेला. त्यानंतर कोण कोण? शोधायला गेलं की रोझेनबर्ग, श्मिट, राइनहार्ट अशी तीच तीच आडनावं येतात आणि सगळा गोंधळ होतो. हे सगळे एकाच घरातले का?

एका घरातले नाहीत, पण घराण्यातले म्हणा. पश्चिम युरोपातल्या सिंती आणि मानूश लोकांत, म्हणजे ज्यांना बाहेरचे जिप्सी म्हणतात त्या रोमा मंडळींत, ही आडनावं भरपूर आहेत, त्यामुळे राइनहार्ट दिसला की जँगोचा नातू धरून चालू नका. खरा नातू दाविद राइनहार्ट आहे, तोही गिटारच वाजवतो. त्याचे वडील बाबिक, म्हणजे जँगोचा मुलगा, तेही गिटारिस्ट होते पण त्यांनी वडिलांची नक्कल करायची टाळली आणि आधुनिक जॅझकडे वळले. मला तर ते फार समजूतदारपणाचं वाटतं, त्या सावलीत उभं राहून तेच वाजवायचं म्हणजे काय ते कल्पना करा.

सुरुवात करायचीच तर तिघांपासून करा. पहिला स्तोशेलो रोझेनबर्ग, नेदरलँड्सचा, जन्म 1968. हा स्वच्छ वाजवणारा, एकेक सूर मोत्यासारखा आणि कितीही वेग असला तरी कुठे धडपड ऐकू येत नाही. त्याच्या ट्रिओत दोन चुलतभाऊ आहेत, नूशे रिदम म्हणजे साथीच्या गिटारवर आणि नोनी बासवर, आणि नूशेचं नाव लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे. दुसरा बिरेली लाग्रेन, फ्रान्सच्या अल्सास भागातला. तेरा वर्षांचा असताना, 1980 मध्ये, पहिली रेकॉर्ड आली आणि लोक म्हणाले जँगो परत आला. तिसरा चावोलो श्मिट. हा वेगळाच माणूस, सूर तोडून फेकल्यासारखा वाजवतो, तारा कण्हतात अक्षरशः. तोनी गातलीफच्या 2002 सालच्या ‘स्विंग’ सिनेमात एका मुलाला गिटार शिकवणारा जो माणूस आहे तो हाच.

हे तिघं ऐकून झाले की अँजेलो दबार, दोरादो श्मिट, बेल्जियमचा फापी लाफर्टिन, मग बुलू आणि एलिओस हे फेरे बंधू. या बंधूंचे वडील मातेलो स्वतः जँगोच्या काळातले नावाजलेले गिटारिस्ट, म्हणजे इथे धागा थेट जोडलेला आहे.

प्रश्न : जँगोची दोन बोटं चालत नव्हती हे खरं की दंतकथा?

खरं. 1928 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या राहत्या गाडीला, म्हणजे कॅराव्हॅनला, आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, ती घरभर होती, एका ठिणगीत पेटली. वय अठरा. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आखडून गेलं ते कायमचं. सोलो तो उरलेल्या दोन बोटांनी वाजवायचा, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरताना मात्र आखडलेली बोटंही वरच्या तारांवर थोडीफार कामाला लावायचा. म्हणूनच त्याच्या ताना गिटारच्या गळ्यावर आडव्या कमी आणि उभ्या जास्त पळतात, दोन बोटं घेऊन तारेवरून सरकत जायचं. आज चार बोटं धडधाकट असलेले लोक तेच फ्रेज दोन बोटांनी बसवतात, कारण तसं केल्याशिवाय तो आवाज येत नाही.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डमध्ये ड्रम ऐकूच येत नाही. तरी पाय आपोआप हलायला लागतो. हे कसं काय?

या प्रश्नाची मी वाट बघत होतो.

1934 मध्ये पॅरिसला क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स उभी राहिली तेव्हा त्यात व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, बासवर लुई व्होला आणि गिटार तीन, जँगो धरून. ड्रम नाही, पियानो नाही, पितळी वाद्यं नाहीत. सगळ्या तारा. मग ड्रमरचं काम कोण करणार, तर उरलेले दोन गिटारवाले, त्यातला एक जँगोचा सख्खा भाऊ जोसेफ. ते जे वाजवतात त्याला ‘ला पाँप’ म्हणतात, पाँप म्हणजे पंपच. चार मात्रांत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खालच्या जाड तारांवर हलका हात, आणि दुसऱ्या व चौथ्याला सगळ्या तारांवर सपकन, पण तो आवाज लगेच मारायचा, डाव्या हाताची पकड सैल करून. शिवाय पहिल्या-तिसऱ्या मात्रेच्या अगदी आधी एक छोटासा वर जाणारा फटका येतो, तो ऐकू आला पाहिजे आणि कळता कामा नये, असला प्रकार. लिहायला सोपं आहे. मी स्वतः कित्येक महिने घासलं तेव्हा कुठे एका मित्रानं ‘आता जरा बरं वाटतंय’ एवढंच म्हटलं.

आता नूशेकडे या. रोझेनबर्ग ट्रिओचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा आणि स्तोशेलोकडे मुद्दाम दुर्लक्ष करा, फक्त मागचा माणूस ऐका. पूर्ण गाणंभर हात एका चालीत, सोलो वर चढतो तसा तो किंचित जोर वाढवतो, सोलो उतरला की खाली येतो, आणि एकदाही मध्ये मध्ये करत नाही. ही परंपरा कोण टिकवतंय असं मला विचारलंत तर मी आधी या नूशेसारख्यांचीच नावं घेईन. सोलोवाले पोस्टरवर असतात, ठीक आहे.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, दोन वर्षं गिटार शिकतोय. मेट्रोनोमवर, म्हणजे लय देणाऱ्या यंत्रावर, स्पीड बराच वाढवलाय पण माझं वाजवणं ‘तसं’ वाटत नाही. गिटारच वेगळी घ्यावी का?

गिटारचा भाग आहे, खोटं कशाला सांगू. ते लोक वाजवतात ती सेल्मर पद्धतीची गिटार. मारिओ माकाफेरी नावाच्या इटालियन माणसानं डिझाइन केलेली, सेल्मर कंपनीनं 1932 पासून बनवलेली, आधी इंग्रजी डी अक्षरासारख्या मोठ्या तोंडाची, नंतर लहान लंबगोल तोंडाची. 1952 मध्ये कंपनीनं बनवणं थांबवलं आणि तोवर हजारही निघाल्या नव्हत्या, त्यामुळे आज सगळे त्या नमुन्यावर बनवलेल्याच वाजवतात. जँगोची 503 नंबरची पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाज कोरडा, टोकदार, आणि गर्दीतून आरपार जाणारा, कारण माइक नसताना बाकीच्या वाद्यांच्या वर ऐकू जायचं होतं.

पण तुझी अडचण उजव्या हातात असणार, पैजेवर सांगतो. या बाजात मनगट थोडं वाकलेलं आणि हात तरंगता असतो, गिटारच्या लाकडावर टेकवून ठेवलेला नाही. खाली मारलेला फटका पुढच्या तारेवर जाऊन विसावतो, आणि तार बदलली की नवीन तारेवर पहिला फटका खालचाच, मग वरून येत असशील किंवा खालून. एक वर एक खाली असं जे तुला शिकवलं गेलंय ते इथे मोडावं लागतं, म्हणून पहिले दोन-तीन महिने तुझा सगळा स्पीड गायब होईल आणि चिडचिड होईल. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, जाड घे, तीन मिलिमीटर किंवा जास्त, वाकणारं अजिबात नको.

आणि ते मेट्रोनोमवरचं स्पीडचं वेड जरा बाजूला ठेव. ‘मायनर स्विंग’ घे, 1937 ची चीज आहे, कॉर्ड मोजून तीन-चार, नवशिक्यालाही झेपते आणि उस्तादांचीही मैफल तिच्याशिवाय संपत नाही. तिचा फक्त पंप बसव. सोलो नाहीच. महिनाभर.

प्रश्न : ‘जिप्सी जॅझ’ म्हणणं चुकीचं आहे असं कुठेतरी वाचलं. मग काय म्हणायचं?

जिप्सी हा शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे, त्यात बऱ्याच जणांना हिणवणं दिसतं आणि त्यामागे इतिहास आहे, नाझींनी रोमा आणि सिंती लोकांचा संहार केला तो याच अर्थाच्या जर्मन शिक्क्याखाली. दुसरीकडे बिरेलीनं स्वतःच्या ग्रुपचं नाव ‘जिप्सी प्रोजेक्ट’ ठेवलं होतं, म्हणजे एकमत नाही. फ्रान्समध्ये जॅझ मानूश म्हणतात, जर्मनीत सिंती जॅझ, मीही शक्यतो तेच वापरतो.

आणि मानूश म्हणजे काय माहितीये? माणूस. रोमानी भाषा आपल्याच भाषाकुळातली, शेकडो वर्षांपूर्वी ही मंडळी भारतातून निघाली, वाटेत कितीतरी शब्द बदलले पण काही राहिले. पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, पाचाला पांच. जँगो या नावाचा अर्थही ‘मी जागा होतो’ असा सांगतात, म्हणजे आपलं जागणंच. म्हणून या संगीतात भारतीय राग शोधत बसू नका हां, तसं काही नाहीये, हे अमेरिकन स्विंग आणि पॅरिसमधलं म्युझेत वॉल्ट्झ हे नाचाचं संगीत यांतून आलेलं आहे. शब्द सापडला की मजा वाटते, एवढंच.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या एका माणसाची तीच गाणी, तीच गिटार, मिशासुद्धा तशाच. याला परंपरा म्हणायचं की म्युझियम?

प्रश्न झोंबणारा आहे आणि अर्धा बरोबर आहे. काही मैफली खरंच तशा असतात, बारा गिटारवाले ओळीनं बसलेत, प्रत्येकजण आधीच्यापेक्षा जोरात, अर्ध्या तासानं कान बधिर.

पण गंमत बघा, स्वतः जँगो एका जागी थांबला नव्हता. युद्ध सुरू झालं तेव्हा ग्रापेली लंडनमध्ये राहिला, हा पॅरिसला परतला, आणि 1940 मध्ये त्यानं व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट घेतलं, ड्रमही घेतला. ‘न्वाज’ ही त्याची गाजलेली चीज त्याच काळातली. 1946 मध्ये अमेरिकन जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत फिरला, नंतर इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि बीबॉप या त्या वेळच्या नव्या जॅझच्या वाटेला गेला. म्हणजे जे लोक फक्त तीसच्या दशकातला जँगो वाजवतात ते जँगोपेक्षा कर्मठ झाले की.

बिरेलीचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. पोरवयात सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतला आणि तो मात्र निघून गेला, फ्यूजनमध्ये, म्हणजे जॅझ-रॉकच्या मिश्रणात, गेला, बासवाल्या जाको पास्तोरियसबरोबर वाजवलं, इलेक्ट्रिकवर वर्षं घालवली. लोक हळहळले. 2001 च्या सुमारास जिप्सी प्रोजेक्ट घेऊन परत आला तेव्हा पंप तोच होता पण वर जे वाजत होतं त्यात या सगळ्या फिरण्याचा हिशोब होता. दोरादोनं ‘बोसा दोरादो’ बांधलं, नावातच ब्राझील आहे, आणि ते आज या मंडळींच्या जॅममध्ये, म्हणजे जमून वाजवण्याच्या बैठकीत, जुन्या चिजांच्या बरोबरीनं वाजतं. स्तोशेलोचं ‘फॉर सेफोरा’ही तसंच. उस्ताद गेल्यावर रचलेल्या चिजा जर पोरं आपापल्या घरी बसवतायत, तर ते म्युझियम नव्हे.

शिवाय आता रोमा नसलेलेही यात आहेत, त्यांच्या भाषेत गाजो. जर्मनीचा योशो स्टेफान, अर्जेंटिनाचा गोन्झालो बर्गारा, फ्रान्सचा आद्रियँ म्वान्यार. बर्गाराचं ऐकताना त्याच्या देशाची हुरहुर मध्येच डोकावते, मला आवडतं. मिशांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य.

प्रश्न : फ्रान्सला जाणं होणार आहे. हे प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

साम्वा-स्यूर-सेन. पॅरिसच्या दक्षिणेला सीन नदीकाठचं गाव, जँगो शेवटची दोन वर्षं इथे राहिला, मासे पकडायचा, इथेच पुरलाय. त्याच्या नावाचा महोत्सव इथे सुरू झाला, साधारण जूनच्या शेवटाला असतो, पण 2016 च्या सीनच्या पुरानंतर तो शेजारच्या फाँतेनब्लो राजवाड्याच्या बागेत गेला. तारखा निघण्याआधी तपासून घ्या.

तिकीट काढून स्टेज बघाच, पण खरी मजा स्टेजमागे आणि जिथे कॅराव्हॅन लागतात तिथे असते. चार खुर्च्या, चार गिटारी, एक बारा वर्षांचा पोरगा कोपऱ्यात बसून पंप मारतोय आणि काका सोलो घेतोय. त्या पोराला दोन-तीन वर्षं तेवढंच करायचंय, सोलोची पाळी नंतर. जाताना गिटार घेऊन गेलात तर आधी पंप मारायला बसा, लगेच जागा करून देतील.

प्रश्न : नोटेशनची चांगली पुस्तकं सुचवा.

नाही सुचवत. जँगोला स्वतःला स्वरलिपी वाचता येत नव्हती, यातले कितीतरी दिग्गज बापाच्या आणि मामाच्या हाताकडे बघून शिकले. रेकॉर्ड लावा, अर्ध्या वेगानं, दोन-दोन फ्रेज कानानं काढा. वर म्हटलंच आहे, त्यांच्या भाषेतही कानाला कानच म्हणतात.

प्रश्न : माझ्या ओळखीत हे वाजवणारं दुसरं कोणीच नाही. एकट्यानं कसं करणार?

मोबाईलवर स्वतःचाच पंप रेकॉर्ड करा, दहा मिनिटं न थांबता, एकच चीज, मध्यम लयीत. मग तो लावून त्यावर सोलो वाजवा. पहिल्या दिवशी कळेल की तिसऱ्या मिनिटाला लय पळतेय आणि सातव्याला हात दमलाय. दुसऱ्या दिवशी परत रेकॉर्ड करा. कालची फाईल पुसू नका.