रोज चार चौकटी काढू पाहणारीला

पुणे

चि. … हिला,
अनेक आशीर्वाद.

वर्तमानपत्रात रोज छापून यावी म्हणून तू काढलेल्या चार चौकटींच्या विनोदी चित्रमालिकेच्या (कॉमिक स्ट्रिपच्या) बारा पट्ट्या पोचल्या. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, चौथ्यांदा एमपीएससीला बसलेला मुलगा, त्याचा रूममेट आणि मेसच्या काकू. जागा छान निवडलीस. एक ते चार बंद असलेली दुकानं आणि खवचट पाट्या तू वापरल्या नाहीस, हे त्याहून छान. ते विनोद लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून वाचून चोथा केले आहेत. हात तुझा तयार आहे, त्यामुळे चित्रकलेबद्दल फार लिहीत नाही.

अडचण आकड्याची आहे. आठवड्याला सहा पट्ट्या म्हटल्या तरी वर्षाच्या तीनशेच्या वर जातात. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही अमेरिकन पट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली. एकूण १७,८९७ पट्ट्या, आणि विनोद, रेषा, अक्षरं सगळं एकहाती. तेवढं कुणी तुझ्याकडे मागत नाही. पण बारा पट्ट्यांवरून काहीच कळत नाही, कारण पहिल्या बारा कल्पना कुणालाही सुचतात. विहीर आटते ती पंचविसाव्या-तिसाव्या पट्टीच्या आसपास. तेव्हा कुठल्याही संपादकाकडे जाण्याआधी साठ पट्ट्या कच्च्या पेन्सिलीत काढ, त्यातल्या निम्म्या निर्दयपणे बाद कर आणि उरलेल्या शाईत घे. साठ पट्ट्यांपर्यंत पोचताच आलं नाही तर तुझ्याकडे चित्रमालिका नाही, एक बरा विनोद आहे. तो दिवाळी अंकाला दे, मोकळी हो.

तुझ्या बारापैकी सात पट्ट्या ‘परीक्षा पुढे ढकलली’ या एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत. परीक्षा हा विषय झाला, आणि विषय संपतो. माणसाचा हट्ट संपत नाही. काकूंना प्रत्येक ताटाचा हिशोब चोख हवा, पण पोरगं उपाशी झोपलेलं बघवत नाही. या दोन हट्टांची रोज टक्कर होऊ दे. रूममेटला मनातून पास व्हायचंच नाही, कारण पास झाला की गावी परतून लग्नाला उभं राहावं लागणार. हे एकदा पक्कं झालं की सिलिंडर संपला, पाहुणा आला, लाइट गेली, काहीही घडलं तरी पट्टी निघते. ‘चिंटू’ १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्यातला खोडकर मुलगा सगळ्यांना आठवतो, पण जोशीकाकू आणि बगळ्या काढून टाकून बघ, किती दिवस चालला असता.

आता तुझी चौथी पट्टी घेऊ. पहिल्या चौकटीत काकू विचारतात, ‘‘अजून किती महिने रे?’’ दुसरीत तो, ‘‘फक्त ही परीक्षा, काकू.’’ तिसरीत काकू गप्प. चौथीत काकू, ‘‘गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास!’’ हे शेवटचं वाक्य वाचकाने दुसऱ्या चौकटीतच ओळखलेलं असतं, तू ते फक्त मोठ्याने वाचून दाखवतेस. त्याऐवजी तिसऱ्या चौकटीत काकूंना उधारीची वही काढू दे. चौथीत नुसतं उघडं पान दिसू दे: ‘फक्त ही परीक्षा – २०२३’, खाली ‘फक्त ही परीक्षा – २०२४’, आणि तिसरी ओळ लिहायला टेकलेलं पेन. संवादाचा फुगा नाही. शेवटच्या चौकटीतला फुगा काढून टाकल्यावर विनोद उरतो का, हे प्रत्येक पट्टीला विचारत जा. निम्म्या वेळा तो उरतो, उलट वाढतो. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं समोर ठेवून बस. शब्दावाचून काय काय सांगता येतं ते तिथे कळेल. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचंही तेच: पन्नासहून अधिक वर्षं तो पॉकेट कार्टूनमध्ये उभा होता आणि बोलला मात्र नाही.

अक्षरांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी पट्टी तिथेच मार खाते. इंग्रजी पट्ट्या बघून फुगे आखलेस की फसगत होते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर मात्रा-रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. पट्टी साधारण १६ सेंटीमीटर रुंद छापली जाणार असेल तर चार चौकटींत प्रत्येकीला पावणेचार-चार सेंटीमीटर येतात. छापील अक्षर अडीच मिलिमीटरच्या खाली गेलं की पेन्शनर वाचक चष्मा शोधायला लागतो. मूळ चित्र दुप्पट आकारात काढत असशील तर अक्षर ५ मिलिमीटर आणि एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत ११ मिलिमीटर धर. या हिशोबाने एका ओळीत तीन शब्द बसतात. म्हणजे चौकटीत जास्तीत जास्त दहा शब्द आणि अख्ख्या पट्टीत पंचवीस-तीस. तुझ्या नवव्या पट्टीत बासष्ट आहेत.

क्रमही उलटा कर. आधी अक्षरं पेन्सिलीत, मग त्यांच्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत माणसं. तू माणसं आधी काढतेस, म्हणून काकूंचा अंबाडा प्रत्येक फुग्याखाली कापला जातो. आणि जो आधी बोलतो तो डावीकडे, त्याचा फुगा वर. सहाव्या पट्टीत रूममेट उजवीकडे उभा राहून आधी बोलतो, त्यामुळे उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं.

छपाईसाठी एवढं पाळ. दुप्पट आकाराच्या मूळ चित्रात ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक पेन नको. ०.१ ची रेघ निम्मी झाली की वर्तमानपत्राच्या कागदावर ती तुटक येते किंवा येतच नाही. उलट दोष दाट रेघांचा: हा कागद शाई पितो, ठिपके फुगतात, ५० टक्क्यांची करडी छटा ७५ च्या आसपास जाऊन बसते. अभ्यासिकेतल्या पुस्तकांवर तू मारलेल्या जवळजवळच्या आडव्या रेघा तिथे एक काळा डाग होणार. अनुस्वाराचा टिंब आणि ‘ष’च्या पोटातली रेघ अशीच बुजते, म्हणून अक्षरं उघडी ठेव. स्कॅन ६०० डीपीआयला, शुद्ध काळं-पांढरं, टिफ किंवा पीडीएफ. रंगीत पानावर जाणार असली तरी अक्षरं आणि बाह्यरेषा फक्त काळ्या शाईत ठेव. चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात प्लेट जराशी सरकली की प्रत्येक अक्षराला लाल-निळी सावली येते. मजकूर संगणकावर टाइप करणार असशील तर पाठवण्याआधी त्याच्या आउटलाइन करून घे, म्हणजे अक्षरं फाँटवर न अवलंबता चित्रासारखी जातात. तिकडे पान श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर लागत असेल तर तुझ्या युनिकोडचे चौकोन होतात, आणि रात्री साडेअकराला ते दुरुस्त करायला कुणाला वेळ नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, तिथे तो दाबून लहान केला जातो.

हे सगळं झालं की पट्टीची छापील मापात साध्या कागदावर प्रिंट काढ, ती आजच्याच वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरातींच्या मध्ये चिकटव आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला संध्याकाळच्या उजेडात वाचायला दे. माझ्या मते याहून चांगला परीक्षक नाही.

सुरुवात करताना हाताशी तीस पट्ट्यांचा साठा असावा आणि तो पंधराच्या खाली कधी जाऊ देऊ नये. साठ्यातही खाचखळगे असतात. पावसाच्या आठ पट्ट्या जूनसाठी देऊन ठेवाव्यात आणि पुण्यात महिना कोरडा जावा. पालखीची पट्टी पालखी पुढे गेल्यावर छापून यावी. तुझ्या बाबतीत तर आयोगच तारीख बदलतो. म्हणून ऋतूच्या आणि तारखेच्या पट्ट्यांवर मागे पेन्सिलीने तसं लिही आणि त्या साठ्याच्या मोजणीत धरू नकोस. शिवाय कुठल्याही दिवशी चालतील अशा तीन पट्ट्या कार्यालयात ठेवायला दे. मोठी दुर्घटना झाली की उपसंपादक त्या दिवशीचा विनोद मागे घेतो, आणि ते बरोबरच आहे. हाताशी दुसरं काही नसेल तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे जाहिरात येते. मग ती जागा परत मिळवायला भांडावं लागतं.

जाहिरातीपुढे पट्टीचं काही चालत नाही, हेही आत्ताच समजून घे. आडवी जागा गेली तर दोनखाली दोन लावता येईल, अशी चौकटींची मापं सारखी ठेव. शुल्झ यांच्या चार सारख्या चौकटींमागे हीच सोय होती: संपादकाला पट्टी आडवी, उभी किंवा चौकोनी कशीही लावता यावी म्हणून. तुझी रुंद तिसरी चौकट देखणी आहे, पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ती चेपून बसवेल.

संपादकाकडे जाताना चोवीस पट्ट्या ने. पुरवणीचं काम बघणाऱ्यालाच भेट. नकार आला तर कारण विचार. बहुतेकदा ते ‘जागा नाही’ असतं आणि ते खरंही असतं.

आता कागदपत्रं. पगारी नोकरीत असताना त्याच वर्तमानपत्रासाठी काढलेल्या पट्टीचा छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. बाकीचे हक्क काढणाऱ्याकडे राहतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये हे आहे. तू बाहेरून मानधनावर देणार, म्हणून हक्क तुझे आणि त्यांना फक्त छापण्याची परवानगी, असं स्वच्छ लिहून घे. हक्क देणारच असशील तर मुदत लिही. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरला जातो. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेव. पुस्तक, वह्या, कॅलेंडर, अ‍ॅनिमेशन यांची नावं घेऊन ती वगळून घे. पुढे तू ती विकशील, किंवा ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ काढणाऱ्या बिल वॉटरसन यांच्यासारखी खेळणी-कपड्यांवर पात्रं विकायला नकार देशील. नकार द्यायलासुद्धा हक्क आपल्याकडे असावे लागतात. लिहायला जोडीदार घेणार असशील तर त्याच्याशीही पहिल्याच दिवशी कागद कर, मैत्री आहे म्हणूनच कर.

अमेरिकेत सिंडिकेट, म्हणजे पट्ट्या पुरवणारी कंपनी, एकच पट्टी शेकडो वर्तमानपत्रांना विकते. मराठीत एका वर्तमानपत्रात चालणारी पट्टी दुसरं घेत नाही, म्हणून नुसत्या पट्टीवर घर चालेल असं धरू नकोस. पाठ्यपुस्तकं, मुखपृष्ठं, संस्थांची माहितीपत्रकं अशी कामं जोडीला लागतात. ती हलकी समजू नकोस. फडणीसांनी गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही चित्रं काढली आहेत. मानधनातून टीडीएस कापला जातो, विवरणपत्र भरलंस तर लागू असेल तेवढा परत मिळतो, म्हणून प्रत्येक बिलाची प्रत ठेव. दिवाळी अंकांची चित्रं जून-जुलैत ठरतात, गणपतीत विचारायला गेलीस तर अंक भरलेला असतो. आणि त्या दोन महिन्यांसाठी साठ्यात वीस पट्ट्या जादा ठेव, कारण तेव्हा रोजची पट्टी काढायला हात मोकळा राहत नाही.

चौथी, सहावी आणि नववी पट्टी दुरुस्त करून छापील मापात पाठव. बाकी भेटीअंती.